पहिल्या खेपेचा कागद

लोहाच्या गोळ्यांवर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. तो विषय आठवडाभर थांबू शकतो, इंझोरीहून आलेलं पत्र मात्र थांबण्यासारखं नाही. मानोरा तालुक्यातल्या या गावच्या एका ताईंना सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण दवाखान्यात झालं, सिझर न होता झालं, मूल गुणी आहे. पण त्या लिहितात की खालून फाटलं, बरेच टाके पडले, महिनाभर धड बसता आलं नाही आणि आता रात्री झोपेत तेच दिसतं. सासूबाई म्हणतात, "साऱ्याईचंच होते, त्याले काय भेवाचं?" नवरा म्हणतो, यावेळी सरळ सिझर करून घेऊ. त्यांचा प्रश्न एवढाच: पुन्हा फाटेल का?

ताई, भीती अगदी रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी मला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती तुमच्या पत्रात नाही. किती फाटलं होतं?

डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त कातडी जाते. दुसरीत योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधला स्नायू जातो; सिस्टरनं कात्रीनं दिलेला छेदही साधारण याच खोलीचा. तिसरीत गुदद्वाराभोवतीचा, शौच रोखून धरणारा गोल स्नायू थोडा किंवा पूर्ण फाटतो. चौथीत त्याच्याही आतलं गुदाशयाचं अस्तर उघडतं. बहुतेक बायकांची जखम पहिल्या दोन पायऱ्यांतच असते. तुम्हाला पहिल्या वेळी ती असेल, तर दुसऱ्या वेळी चार-दोन टाके पडतीलही कदाचित, पण बहुधा जखम कमी आणि दुखणं कमी. वाट एकदा मोकळी झालेली असते, आणि जोर लावण्याचा टप्पा दुसरटकरणीला पुष्कळ आखूड असतो.

तिसरी-चौथी असेल तर हिशेब थोडा बदलतो. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ची मार्गदर्शिका सांगते की अशी खोल जखम तिथल्या पहिलटकरणींत १०० मागे ६ जणींना होते, पुढच्या बाळंतपणांत १०० मागे २ पेक्षा कमी जणींना. जिला एकदा अशी जखम झाली, तिला पुन्हा होण्याचं प्रमाण १०० मागे ५ ते ७. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण शंभरातल्या ९३ जणी तरी त्यातून सुखरूप सुटतात. घाबरलेल्या बाईला हा दुसरा आकडा कुणी सांगत नाही, म्हणून मी तो मुद्दाम सांगते.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येते. ती म्हणजे डिस्चार्ज कार्ड. बाळाचा जन्मदाखला लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतात, आणि आईचा कागद मात्र माळ्यावरच्या गाठोड्यात नाहीतर चुलीत जातो. त्या कागदावर इंग्रजीत घाईघाईनं लिहिलेली एक ओळ असते. 'एफटीएनडी' म्हणजे पूर्ण दिवसांचं साधं बाळंतपण. त्यापुढे 'आरएमएलई' असेल, तर उजवीकडे तिरका छेद दिला होता. छेद न देता आपोआप फाटलं असेल, तर 'पेरिनियल टिअर' आणि पुढे फर्स्ट, सेकंड, थर्ड किंवा फोर्थ डिग्री. 'फोर्सेप्स' किंवा 'व्हॅक्यूम' हे शब्द आहेत का, तेही पाहा. चिमट्यानं बाळ ओढून घ्यावं लागलं असेल, तर खोल जखमेचं मोठं कारण तिथेच सापडतं, आणि दुसऱ्या वेळी ते कारण नसण्याचीच शक्यता जास्त. बाळाचं वजनही लिहिलेलं असतं. चार किलोच्या वरचं बाळ असेल तर जखमेचा धोका वाढतो.

कागद हरवला असेल तर आठवण कामी येते. टाके बाळंतपणाच्या टेबलावरच, जागा बधिर करून घातले होते, की तुम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन पाठीत इंजेक्शन दिलं होतं? घरी जाताना पोट साफ राहायचं औषध मुद्दाम लिहून दिलं होतं का? तिसऱ्या-चौथ्या पायरीची जखम शक्यतो थिएटरमध्येच शिवतात. ही खूण आहे, पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर बाळंतपण झालं त्या दवाखान्यात घरच्या माणसाला पाठवा आणि नोंद मागा. तो तुमचा हक्क आहे.

आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. वारा सरताना किंवा शौचाला धावताना ताबा सुटतो का? बायका हे नवऱ्यालाही सांगत नाहीत. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं: १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. त्या अभ्यासाला साडेतीन दशकं उलटली. अंगावर काढण्याची सवय अजून गेलेली नाही. ताबा सुटत असेल तर तो लपवू नका, कारण सिझरचा विचार करायचा तो इथेच. खोल जखम झालेली, आजही त्रास असलेली किंवा तपासणीत तो स्नायू कमजोर दिसलेली बाई सिझर मागू शकते. त्रास काही नसेल आणि स्नायू नीट जुळलेला असेल, तर साधं बाळंतपण करून बघण्यात वावगं नाही. नुसत्या भीतीपोटी पोटावर छेद घेतला, तर एका जखमेऐवजी दुसरी पत्करल्यासारखं होतं, आणि ती पुढच्या प्रत्येक गरोदरपणात सोबत येते.

लेबर रूममध्ये जखम टळते ती शेवटच्या काही मिनिटांत. बाळाचं डोकं बाहेर दिसू लागतं, कळ ओसरली तरी मागे सरकत नाही, भोवतीची कातडी ताणून चकचकीत आणि पांढुरकी होते. चांगली सिस्टर या क्षणी "जोर लाव" म्हणत नाही. ती म्हणते, "थांब बाई, आता तोंडानं फुंकर घाल." तिचा एक हात बाळाच्या डोक्यावर असतो, ते धसकन येऊ नये म्हणून. दुसऱ्या हातात घडी केलेला कपडा, खालच्या स्नायूला आधार देणारा. त्याआधी जोर लावतानाच कोमट पाण्यात पिळलेला कपडा तिथे धरला, तर खोल जखमा कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली शेक आणि हाताचा आधार या दोन्हींची शिफारस केली, आणि सरसकट छेद देऊ नये, पोटावरून दाबून बाळ ढकलू नये, असंही स्पष्ट सांगितलं. पोट दाबण्याची सवय आपल्याकडे अजून दिसते आणि ती मोडलीच पाहिजे, यावर माझं मत ठाम आहे. छेद लागलाच तर तो सरळ खाली गुदद्वाराकडे जाता कामा नये. कातडी ताणलेली असताना मधल्या रेषेपासून ६० अंशांत तिरका द्यावा. हा कोन चुकला की कात्रीच तिसऱ्या पायरीकडे नेते.

आठव्या महिन्यापासून तेल लावून आतून मालिश करावी का, असंही ताईंनी विचारलंय. पहिलटकरणीला त्याचा उपयोग आहे, टाके जरा कमी लागतात. आधी एक बाळंतपण झालेल्या बाईला फाटण्यात फारसा फरक पडलेला दिसत नाही, मात्र नंतरचं दुखणं कमी राहतं. स्वच्छ हातानं, बोचत नसेल तर करा. नाही केली म्हणून जीवाला घोर लावून घेऊ नका.

बाळंतपणानंतर पाणी कमी द्यायचं, पालेभाजी बंद करायची, ही रीत टाके पडलेल्या बाईला फार जाचते. त्यात लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो आणि कुंथताना ताज्या टाक्यांवर ताण येतो. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. पाणी भरपूर, भाजी रोज.

ताई, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. येत्या ९ तारखेला तो जुना कागद घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. तपासणीत खोल जखम निघाली, तर प्रसूतितज्ज्ञ आणि थिएटर असलेल्या ठिकाणी, वाशीमला किंवा अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, बाळंतपणाचं आधीच ठरवून ठेवा. कळा सुरू झाल्यावर गाडी शोधत बसू नका. आणि लेबर रूममध्ये शिरताना जी सिस्टर समोर असेल तिला पहिलं वाक्य हेच सांगा: "मागच्या वेळी मला इतकं फाटलं होतं." लाजू नका. तिचा हात कुठे असायला हवा, हे तिला त्यावरूनच कळणार आहे.

लोहाच्या गोळ्या पुढच्या आठवड्यात.