नाव एक, माणसे दोन : जमिनीच्या दफ्तरांतून पूर्वजांचा शोध

आडतीच्या दुकानात एकाच नावाची दोन गिऱ्हाइके असली, म्हणजे खतावणीत त्यांची खाती आपण कशी वेगळी ठेवतो? नावापुढे बापाचे नाव लिहितो, गाव लिहितो आणि खात्याच्या पानाचा आकडा कीर्दीत टाकतो. धान्याच्या दहा पोत्यांसाठी आपण जी दक्षता घेतो, ती स्वतःच्या पूर्वजांविषयी मात्र घेत नाही. जुन्या कागदात पणजोबांचे नाव दिसले की तेच आपले पणजोबा, असे आनंदाने मानून मोकळे होतो.

ह्या घोटाळ्याचे मूळ नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या आपल्या चालीत आहे. ही चाल किती जुनी आहे हे बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीच्या इतिहासावरून दिसते. तेथील इ. स. १२०४ च्या सुमाराच्या शिलालेखांत रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळी जिनालयाला दिलेल्या जमिनीची नोंद आहे. दगडावर कोरलेला तो जमिनीचा उताराच म्हणावयाचा. ह्या राजाचा आजा तिसरा कार्तवीर्य, बाप पहिला लक्ष्मीदेव आणि मुलगा दुसरा लक्ष्मीदेव. पहिला, दुसरा हे आकडे त्या राजांनी लावून घेतलेले नाहीत. लेखांतील शक, बापाचे नाव आणि दानाचा तपशील ताडून ते पुढील काळच्या इतिहाससंशोधकांनी लावले. राजकुळाची ही कथा, तर मग कणकुंबीच्या भातशेतीवर आणि निपाणीच्या पेठेत पोट भरणाऱ्या आपल्या घराण्यांची काय कथा सांगावी!

म्हणून शोधाचा आरंभ नावापासून न करता शेतापासून करावा. माणसे जातात, नावे फिरून येतात. शेत मात्र जागच्या जागी असते. गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास बसविलेली मोजणीची पद्धत पुढे आपल्या मुलखातही आली आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. वाटण्या झाल्या की त्याच नंबराचे पोटहिस्से पडत गेले. आजचा उतारा काढून नंबर टिपावा आणि फेरफाराच्या जुन्या नोंदींतून एकेक पिढी मागे जावे. मधली पिढी गाळून उडी मारू नये. संगणकावरचा उतारा अलीकडच्याच काळापुरता असतो; त्यामागचे हस्तलिखित तालुक्याच्या दफ्तरखान्यात पाहावे लागते. आणखी एक गोष्ट ध्यानी असावी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. त्यापूर्वीच्या कागदांत खाते बहुधा घरातील कर्त्या पुरुषाच्या एकट्याच्या नावे असे. धाकट्या भावाचे नाव तेथे नाही, म्हणून तो भाऊ नव्हताच असे ठरत नाही.

मोडी कागदांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. समजा, एका कागदात ‘आप्पा बिन बाबू’ आहे आणि दुसऱ्यात ‘बाबू बिन आप्पा’. ह्यांत बाप कोण आणि मुलगा कोण? नुसत्या नावांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शेताचा नंबर, भावांची नावे आणि बायकोचे नाव ही तिन्ही जुळली, म्हणजेच माणूस सापडला असे समजावे.

आडनावाचा आधारही बेताचाच. पाटील, चौगुले, उपाध्ये ही मुळात कामाची नावे. ती गावोगाव आढळतात आणि तेवढ्यावरून भाऊबंदकी सिद्ध होत नाही. कणकुंबीत राहणारा स्वतःला कणकुंबीकर म्हणवीत नाही. घाटमाथा सोडून तो परक्या पेठेत उतरला म्हणजे ते नाव त्याला चिकटते. गावांचेही तसेच. ‘तालुका खानापूर’ एवढ्यावर विसंबू नये, कारण त्याच नावाचा दुसरा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता आणि आज तो सांगलीत आहे. सनांचाही हिशेब करावा : शकात ७८, फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन येतो, महिन्यानुसार एका वर्षाचा फरक पडतो. शिवाय १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे दफ्तर कन्नडात आले. त्यामुळे एकच पुरुष मोडी, बाळबोध आणि कन्नड अशा तीन लिप्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो.

हा उद्योग केवळ हौसेचा नाही. आमच्या आप्तवर्गात एका भातशेताच्या तुकड्यावर दोन घरांनी हक्क सांगितला. दोघांच्याही पणजोबांचे नाव एक, बापाचेही नाव एक. कित्येक वर्षे लग्नकार्यातही बोलणे नव्हते. अखेर जुन्या फेरफारात विधवेचे नाव ‘कोम’ ह्या शब्दासह मिळाले, ते एका घरच्या वृद्धेने आपल्या आजेसासूबाईंचे म्हणून ओळखले, आणि वाद तेथेच मिटला. गंमत अशी की, दोन्ही घरांच्या वंशावळींत त्या बाईचे नाव कोठेच नव्हते!

वंशावळीत मुली-सुनांना गाळण्याची आपली रीत म्हणूनच सोडली पाहिजे. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. मुलींची नावे नसलेली वंशावळ आज अपुरी आहे आणि उद्या तंट्याचे कारण ठरेल.

मोडी वाचणारे वृद्ध दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि जुन्या चोपड्या रद्दीत जात आहेत. आपल्या कीर्द-खतावण्यांत आपलीच नव्हे, तर गिऱ्हाइकांच्या घराण्यांचीही नावे, गावे आणि तिथ्या आहेत. येत्या दिवाळीत नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी माळ्यावरची जुनी चोपडी खाली काढावी, घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ बसावे आणि त्यांना आठवतील ती सर्व नावे, सासर-माहेरच्या गावांसह, लिहून घ्यावीत. चोपडी उद्याही वाचता येईल; सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही.