पुढचा नंबर कोणाचा?

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. समजा, हंगामात तिथे मिरचीच्या गाड्या मापासाठी रांगेत उभ्या आहेत. त्यातल्या कोणत्याही दोन गाड्या दाखवल्या, तर आधी कोणती आणि नंतर कोणती हे सांगता येते. अशा मांडणीला गणितात 'रेषीय क्रम' म्हणतात.

मग एखाद्या गाडीच्या लगेच मागे कोणती, हेही सहज सांगता येईल असे वाटते. रांग मर्यादित असेल तर ते खरेच आहे. रांग अनंत असली की गोष्ट बदलते. पूर्णांकांत 3 नंतर लगेच 4 येतो. अपूर्णांकांत मात्र 'लगेच पुढचा' नसतोच. 1/2 आणि 3/4 यांच्या मध्ये 5/8 बसतो आणि त्यांच्याही मध्ये आणखी कोणीतरी. तिसरा प्रकार याहून चमत्कारिक आहे. त्यात लगेच पुढचा असतो, पण तो शोधून देणारी खात्रीची रीत कोणत्याही संगणकाकडे नसते.

याचे मूळ अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या 1936 च्या संशोधनात आहे. एखादा संगणकीय प्रोग्राम कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही, हे त्यातून सिद्ध होते. आता प्रत्येक प्रोग्रामसाठी रांगेत शेजारी-शेजारी दोन जण उभे करा आणि सगळे प्रोग्राम चालू ठेवा. एखादा थांबला, की त्याच्या जोडीच्या मध्ये एक नवा माणूस घुसवा. रांगेतल्या कोणत्याही दोघांत आधी कोण, हे तरीही सांगता येते. पण 'हे दोघे कायम लगतच राहतील का?' याचे उत्तर देणे म्हणजे त्यांचा प्रोग्राम कधीच थांबणार नाही, हे सांगणे. मध्ये कोणी आले, तर 'नाही' हे उत्तर मिळते. आले नाही, तर फक्त 'अजून तरी नाही' एवढेच कळते.

'अजून तरी नाही' आणि 'कधीच नाही' यांतला हा फरक दवाखान्यात जीवन-मरणाचा ठरतो. मण्यार चावल्यावर जखमेची जागा अनेकदा दुखत नाही, सुजतही नाही. रुग्ण चालत येतो, बोलतो. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडखळतो. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल, तर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे स्थिर ठेवून गोठते का, ते पाहतात. गोठले नाही, तर विष रक्तात भिनल्याची ती खूण असते. गोठले, तर तेवढ्यावर रुग्णाला घरी पाठवत नाहीत. चाचणी पुन्हा करतात.

गणित आणि वैद्यक यांची वाट इथे वेगळी होते. प्रोग्रामसाठी 'इतका वेळ थांबलात की पुरे' अशी मर्यादा आधी काढून देणारी सर्वसाधारण रीत नाही. शरीराच्या बाबतीत अनुभवाने ती आखता येते. म्हणूनच सर्पदंशानंतर लक्षणे नसली तरी रुग्णाला साधारणपणे 24 तास देखरेखीखाली ठेवतात.

अपघात विभागातली रांगही अशीच उघडी असते. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक डोमिनिक लारे यांनी हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचाराचा क्रम लावला. आजही त्याच तत्त्वावर रुग्णांची वर्गवारी होते. हा क्रम त्या क्षणापुरता असतो. छातीत कळ आलेला माणूस दारात आला, की तो दोघांच्या मध्ये शिरतो. आधीच बसलेल्याची प्रकृती ढासळली, तर तोही पुढे सरकतो.

म्हणून हाती कागद आहे एवढ्यावर विसंबून राहू नये. वाट पाहताना धाप लागली, ग्लानी आली, पापण्या मिटू लागल्या किंवा रक्त वाहू लागले, तर लगेच परिचारिकेला सांगावे. आणि साप चावला असेल, तर बरे वाटते म्हणून उठून घरी जाऊ नये.