सुकलेले झाड कापण्यापूर्वी वर पाहा

काजूचा हंगाम आटोपला की आपल्या पाळी-कोठंबी भागात पुरुमेताची घाई सुरू होते. मिरगाच्या आधी लाकडे पडवीत यायला हवीत. घरोघर गॅस आला, तरी आंघोळीचे पाणी आणि काजूची भट्टी अजून पुष्कळ ठिकाणी लाकडांवरच तापते. कुऱ्हाडीने दोन दिवस चालणारे काम चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, तासाभरात उरकते. आणि ती घेऊन माणूस प्रथम वळतो तो भाटातल्या सुकलेल्या काजूकडे.

काजू उभ्याउभ्या मरतो, त्याचे कारण बहुधा रोठा. या किडीचा भुंगा जमिनीलगत सालीच्या भेगांत अंडी घालतो आणि अळ्या सालीखालून पोखरत मुळांपर्यंत जातात. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसू लागला, पाने पिवळी पडून गळू लागली की दुखणे बरेच पुढे गेलेले असते. मेलेले झाड तसेच उभे ठेवले तर आतल्या अळ्यांचे भुंगे होऊन शेजारच्या झाडांवर जातात. तेव्हा ते कापावे, शक्यतो मुळासकट काढावे, हे खरेच. पण कसे?

ओल्या झाडापेक्षा सुके झाड कापायला सोपे, असा समज सर्वत्र आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे. झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचे तिथे आधी खाच घेतात, मग मागून कापत आणतात आणि मधे लाकडाची एक पट्टी तशीच ठेवतात. जिवंत झाडात ही पट्टी बिजागरीसारखी वाकते व झाडाला ठरल्या दिशेने खाली आणते. सुक्या लाकडात वाकणेच उरलेले नसते. पट्टी कडकन तुटते आणि झाड मन मानेल तिकडे वळते. बुंधा वाळवीने पोकळ केलेला असला तर काप पुरा होण्याआधीच ते खाली बसते. शिवाय करवतीच्या थरथराटाने वरची कुजकी फांदी निसटते, आणि यंत्राच्या गोंगाटात ती मोडल्याचे ऐकूच येत नाही. कुऱ्हाडवाल्याला निदान तेवढी सूचना तरी मिळत असे.

म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी झाडाभोवती फेरी मारून वर पाहावे: अडकलेली फांदी, विजेची तार, मधमाश्यांचे पोळे. कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकावा. पोकळ वाजला तर काम जाणत्यावर सोपवावे. यात कमीपणा नाही. मागे तिरकस पळवाट साफ करून ठेवावी. बघ्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब राहावे आणि काटक्या वेचायला आलेल्या मुलांना आधीच घरी पाठवावे. एकट्याने हे काम कधीही करू नये. मोठ्या झाडाची ढोली मातीने लिंपलेली दिसली तर आत धनेशाची मादी पिलांसह असू शकते. त्या झाडाला हात लावू नये.

पडलेले झाडही निर्धोक नसते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात पुष्कळ झाडे आडवी झाली. अशा झाडाखाली दबलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते. ती चुकीच्या बाजूने कापली की फटकन अंगावर येते.

करवतीचेही थोडे सांगतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की ती उसळून तोंडावर येते, म्हणून साखळीचा ब्रेक रोज तपासावा. लुंगी आणि चपला घालून हे काम करणारे मी पाहिले आहेत, आणि पाहून छातीत धस्स झाले आहे. डोळ्यांना चष्मा, पायांत जाड बूट, कानांवर आवरण हवेच. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. वर्षानुवर्षे थरथराट सोसलेली बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. जखम झाली तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि लगेच १०८ ला फोन करावा. हळद किंवा राख भरत बसू नये.

गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड आपल्या भाटातले असले तरी वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मेलेल्या, रोगट किंवा वाऱ्याने पडलेल्या झाडाला ती मिळते. अर्ज मात्र कापण्याआधी करावा, नंतर नव्हे.

रोठा लागलेले ओंडके भाटातच रचून ठेवू नयेत, नाहीतर भुंगे तिथूनच बाहेर पडतील. ते फोडून सर्वांत आधी चुलीत घालावेत. बिब्ब्याचे लाकूड चुकूनही त्यात मिसळू नये; त्याचा चीक अंगावर उततो आणि धूरही बाधतो.