पाण्याच्या हिशेबाने वाघाकडे

जालना जिल्ह्याच्या नकाशावर वनखात्याचा हिरवा रंग शोधू जाणाऱ्याच्या पदरी बहुतांशी निराशाच येते. कपाशी, तूर आणि मोसंबीच्या बागा यांनी व्यापलेल्या या मुलखात अरण्य म्हणावे असे जे काही उरले आहे ते टेकड्यांच्या उतारांवर आणि गायरानांच्या कडेकडेने विखुरलेले, आणि वन्यप्राणी म्हणावेत तर उभ्या पिकांत शिरणारे रोही, हरणे आणि रानडुकरे, ज्यांच्या दर्शनाने शेतकऱ्याला कौतुकापेक्षा पंचनाम्याचीच आठवण आधी होते. अशा जिल्ह्यातले एखादे कुटुंब ‘यंदा मुलांना खराखुरा वाघ दाखवायचा’ असा संकल्प सोडते, तेव्हा ते सहसा कचेरीच्या रजेपासून आरंभ करते, मग मुक्कामाची खोली ठरवते आणि जंगलाचा विचार सर्वांत शेवटी करते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. उष्ण कटिबंधातल्या पानगळीच्या अरण्याचे सारे वेळापत्रक पाणी ठरवते. आणि १९७२ चा दुष्काळ ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी भोगला, घाणेवाडीच्या जलाशयाचा तळ ज्यांनी २०१२-१३ साली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्या जालनेकरांना हे शास्त्र नव्याने शिकवावे लागू नये.

महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबा. तेथे शिकारीला १९३५ मध्ये मनाई झाली, १९५५ साली सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले, १९८६ मध्ये लगतचे अंधारी अभयारण्य अस्तित्वात आले आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्रप्रकल्प झाला. ‘ताडोबा’ हे मुळात देवाचे नाव. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि तळ्याकाठच्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले, अशी तेथल्या आदिवासींची श्रद्धा असून पौषात त्याची जत्रा भरत आली आहे. वाघाच्या राज्याची अधिष्ठात्री देवता वाघाच्याच पंजाने मेलेली असावी आणि तिचे स्थान पाण्याच्या काठी असावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

ताडोबाचे हे तळे बारमाही आहे. अंधारी नदी मात्र उन्हाळ्यात आटत जाते, ओढ्यांतले डोह एकामागून एक सुकतात, आणि जे जनावर कार्तिकात दहा ठिकाणी पाणी पिऊ शकत होते ते वैशाखात एकदोन ठिकाणांवर येऊन ठेपते. प्रवासाचा मोसम ठरतो तो यावरून. पावसाळ्यात, म्हणजे जुलैपासून सप्टेंबरअखेर, गाभ्याचे क्षेत्र पर्यटकांस बंद असते. ऑक्टोबरात दरवाजे उघडतात तेव्हा गवत पुरुषभर वाढलेले आणि बांबू गच्च भरलेला असतो; देखावा मनोहर खरा, पण त्या हिरवाईआड दहा हातांवरचा वाघही दिसत नाही. हिवाळ्यात हवा सुखद असते आणि पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्याने तोच काळ निवडावा. मात्र उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडांपर्यंत शिरतो, तेव्हा कानटोपी आणि घोंगडी बरोबर हवीच. मार्चपासून साग पाने टाकतो, मोहाची फुले गळू लागतात, दृष्टी दूरवर पोचते. आणि एप्रिल-मे मध्ये, चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जात असताना, वाघाच्या दर्शनाची शक्यता सर्वाधिक होते. ज्या महिन्यांत आपल्याकडे गावोगाव टँकर सुरू होतात त्याच महिन्यांत त्या जंगलातही कृत्रिम पाणवठे टँकरने किंवा सौर पंपाने भरावे लागतात, हे ऐकून जालन्याच्या माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही.

बाकीची तजवीज थोडक्यात सांगण्याजोगी आहे. समृद्धी महामार्गाने जालन्याहून निघून वर्ध्याच्या बाजूस उतरावे आणि हिंगणघाट, वरोरा करीत चंद्रपूर गाठावे. मोहर्लीचे प्रवेशद्वार चंद्रपूरच्या अंगाला, तर कोलाऱ्याचे चिमूरच्या अंगाला आहे. प्रवासात दिवस जातोच, म्हणून आदल्या रात्री दाराजवळच मुक्काम करावा. सफारीची नोंदणी वनखात्याच्या संकेतस्थळावर आगाऊ होते आणि सुट्टीच्या दिवसांच्या जागा फार लवकर भरतात, तेव्हा आधी परवाना, मग खोली, मग रजा, असा क्रम ठेवावा. ज्या ओळखपत्रावर नोंदणी केली ते मूळ स्वरूपात जवळ हवे. मंगळवारी ताडोबा बंद असतो; ही साधी गोष्ट न पाहता सोमवारी रात्री पोचून हात हलवीत बसणारी मंडळी दरवर्षी असतात. एकच फेरी करून परतणे हा माझ्या दृष्टीने प्रवासखर्चाचा अपव्यय. सकाळची एक आणि दुपारची एक, एवढ्या तरी कराव्यात, आणि गाभ्यात जागा न मिळाली तर बफर क्षेत्राला कमी लेखू नये.

आत शिरल्यावर खरे कसब गाईडचे, आणि हे गाईड बहुधा भोवतालच्या गावांतलेच असतात. धुळीच्या रस्त्यावर पंजाचा ठसा दिसला की तो गाडी थांबवतो आणि प्रथम काय पाहतो, तर तो ठसा टायरच्या खुणेवर उमटला आहे की टायर ठशावरून गेले आहे. पहिला प्रकार असेल तर मागची गाडी गेल्यानंतर वाघ या वाटेने चालला, आणि ती गाडी केव्हा गेली हे ठाऊक असल्याने वेळेची रुजुवात तिथल्या तिथे होते. मग इंजिन बंद करून कान द्यायचे. चितळाची शीळ एकदोनदा ऐकू आली तर ती पोकळ धास्तीही असू शकते. झाडाच्या शेंड्यावरून वानर खाकरू लागले आणि त्यात सांबराचा खणखणीत आवाज मिसळला, की गाईडचा चेहरा पालटतो. अननुभवी प्रवासी येथेच ‘चला, पुढे चला’ असा धोशा लावतात. जाणता गाईड उलट पाणवठ्यापासून बऱ्याच अंतरावर, सावली पाहून गाडी उभी करवतो आणि अर्धा-पाऊण तास काहीही घडू देत नाही. एवढ्या अवकाशात टिटवी येते, मोर येतो, रानगव्यांचा कळप काळ्या खडकांसारखा पाण्याकाठी उभा राहतो. आणि वाघ आलाच तर तो पुष्कळदा पाण्यात तोंडाकडून शिरत नाही. पाठमोरा होऊन, मागचे पाय आधी भिजवीत, सावकाश मागे सरकत मानेपर्यंत बुडतो, तोंड मात्र कोरडे आणि नजर किनाऱ्यावर ठेवून. डोळ्यांवर पाणी उडू नये म्हणून तो असे करतो, असे काहींचे म्हणणे.

या प्रसंगी आपण कसे वागतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या सफारीमार्गावर, एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ताडोबाच्या गाभ्यात मोबाइल नेण्यास मनाई आहे, त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांना हे प्रकरण जरूर सांगावे. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी: ज्या उन्हाळी महिन्यांत आपण पैसे मोजून वाघ पाहू इच्छितो, त्याच महिन्यांत त्या परिसरातली माणसे मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला पहाटे जंगलात शिरतात आणि त्यांपैकी काही वाघाच्या हल्ल्यात दगावतात. गेटवर चहा पाजणाऱ्या बाईजवळ ‘काय, वाघ दिसतो का?’ असा उल्हासाचा प्रश्न टाकण्यापूर्वी थोडे थांबलेले बरे.

इतके दूर जाणे ज्यांना परवडत नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये स्वतःच्या हद्दीच्या शोधात निघाला आणि तेलंगणात जाऊन, पुन्हा महाराष्ट्रात येऊन, शेते, नाले आणि रस्ते ओलांडीत वर्षअखेर बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण भटकंती सुमारे तीन हजार किलोमीटर भरली. ज्ञानगंगा म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले, बुलढाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या घाटात लागणारे, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे जंगल. येथे वाघाची आशा धरू नये. अस्वल आणि बिबट मात्र आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातील निरनिराळ्या अभयारण्यांत वनखाते निसर्गप्रेमींना पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसू देते आणि रात्रभर पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची मोजदाद करवते; चांदणे लख्ख, पाणी थोडे, तेव्हा जनावर यायचे ते तेथेच येणार. जागा मोजक्या असतात, म्हणून वनखात्याच्या स्थानिक कचेरीत आगाऊ चौकशी करून अर्ज द्यावा. लहान मुले, अत्तर, रेडिओ आणि खोकला ज्यांच्याबरोबर आहे त्यांनी या फंदात पडू नये. इतरांनी सकाळीच जालन्याहून निघून, देऊळगाव राजा आणि चिखलीवरून दुपारपर्यंत ज्ञानगंगेला पोचावे. पाण्याच्या दोन बाटल्या, दशम्या, एक चादर आणि नोंदीसाठी वही-पेन्सिल एवढा सरंजाम एका रात्रीला पुरतो.