गृहसंगणकावरील ब्राउझर आणि त्याची डागडुजी

ब्राउझर म्हणजे दूरस्थ मजकूर वाचून दाखविणारे साधन, अशी समजूत सामान्यतः रूढ आहे. ती अपुरी आहे. मजकुराबरोबर अक्षरांचे साचे, म्हणजे फाँट, तसेच चित्रे आणि आज्ञावली येतात. त्या सर्वांचा अर्थ लावून ब्राउझर आपल्या यंत्राकडून काम करवून घेतो. हा अर्थ लावण्यात कोठे चूक राहिली असेल, तर तिचा फायदा घेण्यासाठी मुद्दाम सदोष रचना पाठविता येते. ब्राउझरची वेळच्या वेळी डागडुजी का करावयाची, याचे मूळ येथे आहे.

भाषेच्या अभ्यासकांस जवळचे असे एक उदाहरण घेऊ. अक्षरांना पडद्यावर आकार देण्याचे काम क्रोममध्ये 'फ्रीटाइप' या संग्रहाकडे होते. काही फाँटांत अक्षराच्या जागी लहान चित्रे साठविलेली असतात. अशा चित्राची लांबीरुंदी मोठी असली, तरी फ्रीटाइप तिची नोंद अपुऱ्या अंकांत करीत असे. परिणामी स्मृतीत जागा थोडी राखली जाई आणि चित्र त्या जागेबाहेर सांडे. या दोषाचा गैरवापर प्रत्यक्ष होत असल्याचे आढळले आणि २० ऑक्टोबर २०२० रोजी क्रोमची दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध झाली. संकट आले ते अक्षराच्या वाटेने, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुरुस्ती प्रसिद्ध होताच धोका संपतो, असे मात्र नाही. जुनी व नवी आवृत्ती ताडून पाहिली म्हणजे दोष कोठे होता हे जाणकारास उमगते. बांधाचे भगदाड बुजविल्याची दवंडी पिटावी आणि ज्याने आपला बांध बुजविला नाही त्याचेच भगदाड सर्वांना कळावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून दुरुस्ती निघणे आणि ती आपल्या यंत्रावर बसणे यांतील अंतर जितके कमी, तितके बरे. क्रोमच्या सुरक्षा-दुरुस्त्या ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्यास काढण्याचा परिपाठ सुरू झाला, तो याच कारणाने.

आता अहिल्यानगर जिल्ह्यातील देवळाली प्रवरा येथील एखादे घर कल्पावे. त्याच संगणकावर सातबाराचा उतारा काढावयाचा, बँकेचा व्यवहार करावयाचा, मुलांचे प्रवेश-अर्ज भरावयाचे. यंत्र मात्र विंडोज ७ चे. कारण युनिकोडपूर्व मराठी फाँटांत टंकलेला वर्षानुवर्षांचा मजकूर त्यात आहे. तो फाँट नसेल तेथे हा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो, आणि जुनी लेखनप्रणाली नव्या यंत्रावर चालेल की नाही, ही धास्ती असते. ही अडचण खरी आहे. तिला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु विंडोज ७ ला मिळणारा सार्वत्रिक आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्यावर चालणारी क्रोमची अखेरची आवृत्ती १०९ ही होय. त्यापुढील दुरुस्त्या त्या घरात पोचतच नाहीत.

उपाय दोन कामे वेगळी करण्यात आहे. जुने यंत्र लेखनासाठी जरूर ठेवावे. पण त्याचा इंटरनेटशी संबंध तोडावा आणि त्यातील मजकूर क्रमाक्रमाने युनिकोडमध्ये आणावा. पैशाचे व कागदपत्रांचे व्यवहार आधार चालू असलेल्या यंत्रावरच करावेत. तेथे ब्राउझरच्या 'विषयी' या पृष्ठावर आवृत्ती पाहता येते. उतरलेली दुरुस्ती लागू होण्यासाठी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 'आपला ब्राउझर जुना झाला आहे' असे एखादे संकेतस्थळच सांगू लागले, तर तेथून काहीही उतरवून घेऊ नये. त्या सूचनेआडून फसवणूक होत असते. दुरुस्ती ब्राउझरच्या स्वतःच्या यादीतून अथवा निर्मात्याकडूनच घ्यावी.

जुना मजकूर जपणे आणि जुना ब्राउझर जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरी पत्करण्याचे कारण नाही.