थकलेल्या तनख्याची वस्ती

हिंगोली, परभणी, नांदेड या बाजूस 'चाऊस' हे आडनाव इतके रुळले आहे की, ते कोठून आले असा प्रश्न शेजाऱ्यांना सहसा पडत नाही. आणि ज्याला पडतो त्याला दारावरच्या पाटीतील 'अमुक बिन अमुक' एवढा धागा पुरतो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि हा धागा अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील हद्रमौत नावाच्या रुक्ष मुलखात जाऊन पोहोचतो. 'चाऊस' मात्र कुळाचे नाव नव्हे. तो मूळचा तुर्की लष्करी हुद्दा. हुद्द्याचे आडनाव होण्याची ही चाल आपल्या पाटील-देशमुखांना अपरिचित नाही.

पोटासाठी हद्रमौतातून बाहेर पडलेल्या अरब शिपायांना पेशवे, नागपूरकर भोसले आणि निजाम अशा तिन्ही दरबारांनी पदरी ठेवले होते. १८१८ साली मालेगावचा किल्ला इंग्रजांशी लढवला तो अरबांनीच. मराठी दौलती बुडाल्यावर आसरा उरला तो निजामाचा. परंतु तेथील खजिना रिता आणि तनखा थकलेला असल्याने अरब जमादारांनी थकबाकीपोटी तालुक्यांचा महसूलच गहाण घेतला आणि तलवारीच्या जोडीला सावकारी आरंभली. त्या वसुलीचा जाच येथील रयतेने सोसला, हे लपविण्याचे कारण नाही. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी तालुके सोडवून घेतले खरे. पण माझ्या मते या लोकांना येथे खिळवले ते कोणत्या विजयाने नव्हे, न मिळालेल्या पगाराने. येणे बाकी ठेवून मुलूख सोडणारा शिपाई विरळाच.

आलेले बहुतेक एकटे पुरुष, म्हणून संसार येथल्याच बायकांशी झाले. अशा मुलांना हद्रमौतात 'मुवल्लद' म्हणत. घरात दखनी, बाजारात मराठी आणि लग्नाच्या वरातीत मरफा या अरबी ढोलवादनाचा ठेका, अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा. कमाई उलट दिशेनेही वाहिली: निजामाच्या फौजेतील जमादार उमर बिन अवद अल-कुऐती याच्या वंशजांनी हैदराबादच्या पैशावर हद्रमौतात उभारलेले राज्य १९६७ पर्यंत टिकले.

हैदराबाद संस्थानावरील १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर पुष्कळ अरबांना स्थानबद्ध करून परत पाठविण्यात आले. ज्यांचे आजोळच येथले होते, ते राहिले. गंमत अशी की, याच हिंगोलीस कंटिंजंट, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेची छावणी होती आणि बंडखोर अरब-रोहिल्यांचा बंदोबस्त हे त्या फौजेचे एक काम होते. ती छावणी १९०३ मध्ये उठली. तेथल्या शाळेच्या हजेरीपटावर मात्र आजही चव्हाणांच्या पाठोपाठ चाऊसांचे नाव पुकारले जाते.