गंजीफ्रॉकमधला ‘फ्रॉक’ आला कोठून?

मानखुर्दच्या बाजारात जाऊन ‘फ्रॉक’ मागितलात, तर दुकानदार लहान मुलींचे कपडे पुढे मांडील. पण एखाद्या आजोबांनी ‘गंजीफ्रॉक’ मागितला, तर तोच दुकानदार पुरुषांचे सुती बनियन काढून देईल. पुरुषांच्या कपड्याला फ्रॉक का म्हणावे? आणि ‘गंजी’ म्हणजे तरी काय?

कोणाला सावंतवाडीचा गंजिफा आठवेल, कोणाला गवताची गंजी. परंतु उच्चार जुळला म्हणजे मूळ सापडले, असे नव्हे. शब्दाचे मूळ शोधताना तीन प्रश्न विचारावेत. ध्वनी जुळतो काय? अर्थ जुळतो काय? तो शब्द आपल्याकडे कोणत्या वाटेने आला, हे सांगता येते काय? गंजिफा म्हणजे खेळायची पाने आणि गंजी म्हणजे गवताचा रचलेला ढीग. दोन्ही शब्द पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होतात, पण दुसऱ्यात नापास!

आता नकाशा उघडा. इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, गर्न्सी नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ आहे जेमतेम ६५ चौरस किलोमीटर. तेथे लोकरीचे कपडे विणण्याचा धंदा सोळाव्या शतकापासून चालत आला. समुद्रावरचा वारा आणि तुषार यांपासून बचाव व्हावा म्हणून तेथील कोळी घट्ट विणीचा लोकरी सदरा घालत. पुढे इंग्रज खलाशीही तो घालू लागले. त्याला नाव पडले ‘गर्न्सी फ्रॉक’. त्या काळी इंग्रजीत फ्रॉक म्हणजे पुरुषांचा डोक्यावरून घालायचा अंगरखाही असे.

हा शब्द इंग्रजांबरोबर भारतात आला. ‘गर्न्सी’मधला ‘र’ गळाला, शेवटच्या अक्षराचा ‘जी’ झाला. बंगालीत ‘गेंजी’, हिंदीत ‘गंजी’ आणि मराठीत ‘गंजीफ्रॉक’! ध्वनी, अर्थ आणि वाट, तिन्ही जुळले. गर्न्सीच्या शेजारच्या बेटाचे नाव आहे जर्सी. खेळाडूंची जर्सी आणि जर्सी गाय, दोघींची नावे त्या बेटावरूनच आली.

‘बनियन’ची वाट मात्र उलटी आहे. तो निघाला गुजरातीतल्या ‘वाणियो’पासून, म्हणजे आपल्या वाण्यापासून. पोर्तुगीज आणि इंग्रज लोक आपल्या व्यापाऱ्यांना ‘बनियन’ म्हणू लागले. मग तेच नाव एका सैल अंगरख्याला मिळाले आणि शेवटी आतल्या कपड्याला चिकटले.

पण लोकरी सदऱ्याचे नाव सुती कपड्याला कसे चालले? याचे उत्तर कापडातच आहे. एक जुना गंजीफ्रॉक आणि एक रुमाल भिंगाखाली धरा. रुमालात उभे व आडवे धागे, म्हणजे ताणा आणि बाणा, एकमेकांच्या खालून-वरून जातात. गंजीफ्रॉकमध्ये मात्र धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले दिसतील. आता दोन्ही आडवे ताणा. रुमाल फारसा ताणत नाही; तिरका धरला तरच थोडा सैलावतो. गंजीफ्रॉक सहज रुंदावतो. धागा काही रबराचा नाही. बदलतो तो फासांचा आकार. म्हणूनच हा कपडा बटणांशिवाय डोक्यावरून घालता येतो आणि अंगाला बसतो.

असे फास पूर्वी हाताने, सुयांवर घालत. इंग्लंडमधील विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र बनवले. इंग्रजीत मोज्यांना ‘होज’ म्हणत. त्यावरून दुकानाच्या पाटीवरचा ‘होजिअरी’ शब्द आला. आता तमिळनाडूतील तिरुप्पूर हे अशा कपड्यांचे मोठे केंद्र आहे.

थोडक्यात, लोकर गेली, सूत आले, थंड समुद्र जाऊन मुंबईचा घाम आला; पण वीण तीच राहिली आणि तिच्याबरोबर नावही राहिले. आपण मात्र मराठीत कापडही ‘विणतो’ आणि स्वेटरही ‘विणतो’; फरक भिंगच दाखवते.

आता ‘स्वेटर’ आणि ‘कार्डिगन’ हे शब्द घ्या, शब्दकोश उघडा आणि वरचे तीन प्रश्न त्यांना विचारून पाहा.